तिकिटावरचे पावणेसहा तास

या महिन्यात आलेल्या पत्रांत चार पत्रं विमानप्रवासाची आणि परदेशातल्या वेळेची निघाली. चौघांचे प्रश्न वेगळे, पण मूळ एकच: अंतर, वेळ आणि घड्याळ यांचा गुंता. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे हा गुंता समोर आला की मला राहवत नाही. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न: बाई, माझं वय ६४. लेकीच्या बाळंतपणासाठी १२ नोव्हेंबरला एकटीच मुंबईहून अमेरिकेत नेवार्कला निघाले आहे. पहिलाच विमानप्रवास. तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ रात्री १.३५ आणि नेवार्कला पोचायची सकाळी ७.२०, तारीख तीच. शेजारचे म्हणतात, सहा तासांचा तर प्रवास, कराड-मुंबई एसटीएवढा. लेक म्हणते सोळा तास. फेब्रुवारीत परत येताना सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.१५ ला मुंबई, म्हणजे येताना पंचवीस तास? मोबाइलवर अंतर तर दोन्हीकडून १२,५०० किलोमीटरच दिसतं. खरं काय मानायचं?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर: ताई, लेकीचं बरोबर आहे. पण हिशोब मांडण्याआधी एक गोष्ट सांगते, ती हिशोबापेक्षा महत्त्वाची आहे. १२ तारखेच्या रात्री १.३५ याचा अर्थ, ११ तारखेला रात्री जेवण झाल्यावर जी मध्यरात्र येते ती. आपण बोलताना तिला ‘अकराची रात्र’ म्हणतो. विमान कंपनीसाठी बारा वाजले की तारीख बदलली. माझ्या एका मैत्रिणीचे सासरे १२ तारीख डोक्यात धरून १२ च्या संध्याकाळी बॅगा घेऊन विमानतळावर हजर झाले होते, आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं होतं. दारातल्या शिपायाने तिकीट पाहून त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. त्या बाकावरचा त्यांचा चेहरा मैत्रिणीला अजून आठवतो. तेव्हा तुम्ही कराडहून ११ तारखेला सकाळीच निघा आणि रात्री दहापर्यंत विमानतळावर पोचा. घरातल्या कॅलेंडरवर १२ च्या चौकटीत काही लिहू नका, ११ च्या चौकटीत लिहा: ‘आज निघायचं’.

आता वेळ. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाची. ही दोन वेगळी घड्याळं आहेत. एकातून दुसरं वजा केलं की जे उरतं तो प्रवासाचा वेळ नसतोच. आपलं भारतीय घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. नेवार्क-न्यूयॉर्ककडचं ७५ अंश पश्चिम रेखावृत्तावर. बेरीज करा, १५७.५ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. भागून पाहा, बरोबर साडेदहा तास येतात. नेवार्कला सकाळचे ७.२० वाजलेले असतील तेव्हा कराडला तुमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात संध्याकाळचे ५.५० झालेले असतील. रात्री १.३५ ते संध्याकाळी ५.५०, म्हणजे सव्वासोळा तास.

परतीचंही तसंच. तिकडे सकाळचे ११.३० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा. दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.१५ पर्यंत सव्वाचौदा तास.

आणखी एक युक्ती सांगते. वर्गात मुलांना ती फार आवडायची. जातानाचे तिकिटावरचे दिसणारे पावणेसहा तास आणि येतानाचे दिसणारे पावणेपंचवीस तास यांची बेरीज करा: साडेतीस. आता खरे सव्वासोळा आणि खरे सव्वाचौदा मिळवा. पुन्हा साडेतीस! जाताना घड्याळाने जे साडेदहा तास लपवले, तेच येताना वाढवून दाखवले. दोन्ही तिकिटं हाताशी असली की फरक किती तासांचा हे माहीत नसतानाही एका बाजूचा सरासरी वेळ निघतो: साडेतीसचे निम्मे, सव्वापंधरा. फक्त दोन्ही प्रवास हिवाळ्यातले किंवा दोन्ही उन्हाळ्यातले हवेत, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. उन्हाळ्यात आपल्यातलं अंतर साडेनऊ तासांवर येतं. तुमचे दोन्ही प्रवास हिवाळी घड्याळातच बसतात.

विमानात बसल्यावर मनगटावरचं घड्याळ बदलू नका, भारताच्याच वेळेवर राहू द्या. पोचल्यावर लेकीच्या हाती द्या, ती लावून देईल. तोवर ‘किती तास झाले’ हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या असतील तर प्रवासाच्या दिवशी किती तासांनी घ्यायच्या, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळ्या आणि कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत.

आणि खिडकीबाहेर अंधारच अंधार दिसला तर घाबरू नका. नोव्हेंबरात मध्यरात्री मुंबई सोडून पश्चिमेला जाणाऱ्या माणसाची रात्र लांबत जाते. सूर्य मागून येत असतो आणि विमान त्याच्यापुढे पळत असतं. जेवण होईल, झोप होईल, परत खाणं येईल, तरी बाहेर काळोखच असेल. नेवार्क जवळ आलं की मगच उजाडेल. माझ्या पहिल्या प्रवासात हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि दहा तासांनंतरही बाहेर रात्र पाहून जीव कासावीस झाला होता. म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

प्रश्न: सून न्यू जर्सीत संकष्टी करते. तिने आमच्या दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ पाळायची की साडेदहा तास वजा करून?
– एक वाचक, पुणे

उत्तर: दोन्ही नाही. चंद्रोदय त्या त्या गावचा असतो. मुंबई आणि नागपूर यांच्या चंद्रोदयातही फरक असतो, दिनदर्शिकेत म्हणून तर गावागावांच्या वेळा वेगळ्या छापतात. तिथी मात्र साऱ्या जगात एकाच क्षणी लागते, कारण ती सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंशांवर ठरते. तो क्षण आपल्याकडे पहाटेचा असेल तर तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. त्यामुळे कधी कधी त्यांची संकष्टी आपल्या आदल्या तारखेला येते. सुनेला तिथल्या गावासाठी केलेलं पंचांग बघायला सांगा. तिचं चुकतंय असं मात्र म्हणू नका.

प्रश्न: भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली. रेषा सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरियावरून थेट अटलांटिकमध्ये जाते. मुलगा मात्र सांगतो की जवळचा रस्ता आइसलँड आणि ग्रीनलंडच्या बाजूने आहे. इतकं उत्तरेला जाऊन अंतर कमी कसं होईल? शिवाय गेल्या वर्षापासून त्याचा प्रवास पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो, तो का?
– एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर: तुमचा प्रश्न वाचला आणि माळ्यावरून पृथ्वीगोल खाली काढला. शाळा सोडताना मुख्याध्यापकांनी तो मला दिला होता. त्यावर सोव्हिएत संघ अजून एकसंध आहे, आस गंजलाय, फिरवला की कुरकुरतो. पण व्यास बरोबर तीस सेंटिमीटर आहे आणि आपल्याला तेवढंच हवंय.

तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरांच्या थोडा वर. (हा आकडा इतका गोल आहे तो योगायोगाने नव्हे. फ्रेंचांनी १७९० च्या दशकात मीटर ठरवला तोच उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. म्हणजे पृथ्वीचा पाव घेर एक कोटी मीटर.) तेव्हा माझ्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर.

शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर नातवाच्या बोटाने, आणि दोरा ताणला. आधी तो तुमच्या पट्टीसारखा अरबस्तानावरून जाईल असा धरला होता. ताणल्याबरोबर तो आपोआप वर सरकला, गोलावरून घसरत घसरत उत्तरेला गेला आणि एका जागी घट्ट बसला. पाकिस्तानातल्या क्वेट्याजवळून, अफगाणिस्तानच्या पश्चिम भागातून, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलँड, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. दोरा मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. गुणिले ४२५ केलं की साडेबारा हजार किलोमीटर. मोबाइलवर दिसतो तोच आकडा, फक्त दोऱ्याने काढलेला.

या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट हीच. तुमच्या पट्टीची रेषा खरोखर उडत गेलो तर १४,२०० किलोमीटरांच्या आसपास भरते, म्हणजे सतराशे किलोमीटर जास्त. दोष तुमच्या पट्टीचा नाही. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरायची म्हणून त्या नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो. वरचा भाग कागदावर रुंद दिसतो, म्हणून तिकडून जाणं वळसा वाटतो.

आता वेळ का वाढली ते. दोऱ्याला सरहद्दी नसतात, विमानाला असतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत ते असंच बंद होतं. माझ्या दोऱ्यावर मुंबईनंतरचा पहिलाच देश तो आहे. वाट तिथेच अडली की विमानाला अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाऊन मग उत्तर धरावी लागते. पुढे रशियाचा प्रश्न आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धापासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत, भारतीय कंपन्या जाऊ शकतात. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधली वाट तुम्ही कोणत्या कंपनीचं तिकीट काढलं यावरही ठरते. आखातात गडबड झाली की तो तिसरा दरवाजाही लोटला जातो. मोबाइल दाखवतो ते १२,५०० म्हणजे दोऱ्याची लांबी आहे. तुमच्या मुलाचं विमान त्या रात्री प्रत्यक्षात किती उडालं, ते त्या आकड्यात नाही.

मुलाला निघण्याआधी ‘किती किलोमीटर’ हे विचारण्यापेक्षा ‘किती तास’ हे विचारा. आणि तेही त्या आठवड्याचे.

प्रश्न: बाई, मी आठवीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग हेलिकॉप्टरने मुंबईवर सरळ वर जाऊन एका जागी थांबलं, तर साडेदहा तासांनी खाली न्यूयॉर्क यायला हवं. मग लोक एवढं पेट्रोल का जाळतात? बाबा म्हणाले, म्हणूनच अमेरिकेहून येताना विमान लवकर येतं. पण माझ्या हिशोबाने तर जाताना लवकर जायला पाहिजे.
– बार्शीचा एक विद्यार्थी

उत्तर: बाळा, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. शेवटच्या वाक्यात तू बाबांची जी चूक पकडली आहेस ती बरोबर आहे. पृथ्वी पूर्वेला सरकत असेल आणि विमान हवेत मोकळं असेल, तर पश्चिमेची गावं आपणहून त्याच्याकडे यायला हवीत. येताना नव्हे, जाताना वेळ वाचायला हवा. प्रत्यक्षात होतं उलटं. म्हणजे कारण दुसरं काहीतरी आहे.

आधी हेलिकॉप्टर. बार्शी-सोलापूर एसटीत बस आणि गाडी वेगात असताना हातातलं लिंबू सरळ वर उडव. ते मागच्या सीटवर पडत नाही, तुझ्याच हातात येतं. कारण तुझ्या हातातून सुटताना त्याच्याकडे गाडीचा वेग होताच, आणि गाडीतली हवाही गाडीबरोबरच चाललेली असते. पृथ्वी ही तशीच गाडी आहे. मुंबईची जमीन तासाला जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला चालली आहे. तिच्याबरोबर हवा, ढग, पक्षी आणि तुझं हेलिकॉप्टरसुद्धा. साडेदहा तासांनी खाली पाहशील तर मुंबईच असेल.

आता वाऱ्याकडे ये. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याच्या अरुंद नद्या वाहतात. त्यांना जेट वारे म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटर हा त्यांचा साधा वेग, हिवाळ्यात तीनशेच्याही वर जातो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात ताटेनो गावच्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि दुर्बिणीसारख्या उपकरणातून ते कुठे वाहत जातात ते टिपून ठेवायचे. हा वारा त्यांच्या नजरेत भरला. जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आपले आकडे एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले, आणि ती भाषा वाचणारे इतके थोडे की ते कुणापर्यंत पोचलेच नाहीत. १९४४ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा वैमानिकांना त्या वाऱ्याचा तडाखा बसला आणि मग सगळे जागे झाले. ओइशींचं मला फार वाईट वाटतं. वर्गात त्यांचं नाव मी दरवर्षी घ्यायचे.

विमानाचा स्वतःचा वेग, हवेच्या मानाने, ताशी ९०० किलोमीटर. वारा पाठीशी ताशी १५० चा असला तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ते १,०५० ने जाताना दिसेल, समोरून असला तर ७५० ने. नदीत पोहताना प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जसं. मी स्वतः नेवार्कला गेले तेव्हा सीटसमोरच्या पडद्यावरचे आकडे वहीत उतरवले होते. जाताना अटलांटिकवर ७९०, बाहेर उणे ५६ अंश. येताना त्याच महासागरावर १,०८०. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत एक विमान असंच वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी त्याला सहा-सात तास लागतात. अटलांटिकवरच्या वाटा म्हणूनच रोज नव्याने आखतात: युरोपकडे येणाऱ्यांना वारा मिळेल अशा, अमेरिकेकडे जाणाऱ्यांना तो चुकवता येईल अशा.

अशीच एक हवेची नदी हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला, आपल्या उत्तर भारतावरून वाहते. जूनमध्ये ती हिमालयापलीकडे सरकते, आणि तिचं हे सरकणं आपल्या मान्सूनच्या येण्याशी जोडलेलं आहे. बार्शीच्या रानातली पेरणी आणि विमानाची वेळ यांचं नातं आहे ते असं.

तरीही बाबांना अगदीच चूक म्हणू नकोस. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवांकडे सरकते. तिच्याकडे विषुववृत्तावरचा मोठा पूर्वेकडचा वेग असतो. वर उत्तरेला जमिनीचा वेग कमी, म्हणून ती हवा जमिनीच्या पुढे धावते आणि पूर्वेला वळते. पृथ्वीचं फिरणं आहेच, पण ते आधी वारा घडवतं आणि वारा विमानाला ढकलतो.

आता तुझ्या हेलिकॉप्टरच्या कल्पनेतली आणखी एक गंमत. समजा, ते तुझ्या म्हणण्यासारखं थांबलंच आणि पृथ्वी खालून फिरली, तरी न्यूयॉर्क येणार नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे, तेव्हा खालून जाईल ते १९ अंशांवरचंच: अरबस्तान, सुदान, सहारा, अटलांटिक आणि शेवटी मेक्सिको सिटी. ते शहर मुंबईच्या जवळजवळ त्याच अक्षवृत्तावर आहे. नकाशावर बघ, मुंबईच्या सरळ आडव्या रेषेत पश्चिमेला.

शाळेतला पृथ्वीगोल मागून घे. मुंबईपासून मेक्सिको सिटीपर्यंत एक दोरा अक्षवृत्ताला चिकटवून ठेव आणि मोज. मग दुसरा दोरा ताणून धर, जिकडे जाईल तिकडे जाऊ दे. पहिला ४०,००० किलोमीटरांच्या हिशोबाने १८,००० भरेल. दुसरा कुठून कुठून जातो ती नावं क्रमाने लिही, लांबी सेंटिमीटरमध्ये आणि गोलाचा व्यासही लिही. दोरा खूप उत्तरेला गेला तर हात सैल करू नकोस. पत्र शाळेच्या पत्त्यावरून पाठव, पुढच्या अंकात तुझे आकडे छापू.